सदतिसावा दगड

माझ्या जेवणाच्या टेबलावर गेले नऊ दिवस एका जर्मन खेड्याचा नकाशा पसरलेला आहे. कागद गुंडाळी होऊ नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार वस्तू ठेवल्या आहेत: शब्दकोश, साखरेचा डबा, एक पितळी वजन आणि निर्मलाच्या चष्म्याचं घर. निर्मला म्हणजे माझी पत्नी. तिला जाऊन दीड वर्ष झालं. मी सध्या स्वयंपाकघरात उभ्यानेच जेवतो.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहून द्या, असा आग्रह झाला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मी निवृत्त झालो आहे. पुढच्या महिन्यात व्हिसा संपतो, म्हणजे शारजातलं, रोल्ला भागातलं हे घर सोडायचं. त्याआधी हा नकाशा पूर्ण करून जर्मनीला परत पाठवायचा आहे. तो अपुरा का राहिला हे एकदा खरंखरं लिहून टाकावं, असं मनात होतं.

मी ड्राफ्ट्समन. सर्वेक्षण करणारी माणसं उन्हात उभी राहून मोजमाप आणतात आणि आम्ही थंड खोलीत बसून त्याचा नकाशा करतो. कॉम्प्युटर येण्याआधी हे काम पारदर्शक फिल्मवर, शाईच्या पेनाने चालायचं. पेनाचं टोक म्हणजे सुईएवढी नळी. ठिपके आणि वर्तुळं काढायला गोल भोकांची हिरवी प्लास्टिकची पट्टी असायची. फिल्मवर चूक झाली तर ब्लेडने खरवडावी लागे, आणि खरवडलेली जागा जन्मभर दिसते.

आमचं ऑफिस लहान होतं, पण कामं सबंध अमिरातीतली, अल ऐनपासून रुवैसपर्यंतची असत. नकाशा म्हणजे काय, हे मला दोन माणसांनी शिकवलं. पहिले रुवैसच्या साइटवरचे फोरमन तांबेमामा, मूळचे घाटावरचे. एका नकाशात माझी केबलची रेघ अर्धा मिलिमीटर सरकली. आमच्या प्रमाणात कागदावरचा अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पाव मीटर. मामांचा फोन आला.

"साहेब, तुमची केबल हितं हाय, आन् खरी केबल तितं हाय. मी कोणावर इश्वास ठेवू?"

"खऱ्या केबलवर ठेवा, मामा."

"ती ठेवलीच. फावडं लागलं तवा कळली की ती. पोरं वाचली म्हणून फोन करतोय, नायतर स्वतः आलो असतो."

दुसरे अल ऐनचे एक वृद्ध गृहस्थ. त्यांच्या खजुराच्या बागेची हद्द आखायची होती. नोंद कुठेच नव्हती. म्हातारबाबा सर्वेयरला एका जागी घेऊन गेले आणि म्हणाले, माझे वडील नमाजाला जाताना इथे चपला काढायचे, इथपर्यंत आमचं. शेजाऱ्याने मान हलवली. सर्वेयरने तिथे खुंटी ठोकली, आकडे लिहिले आणि मी नकाशावर तो बिंदू दिला. कागदावर तो इतर बिंदूंसारखाच दिसतो. पण त्या दिवसापासून मी कुठलाही बिंदू उगाच दिला नाही आणि मुद्दाम गाळलाही नाही. एक सोडून.

तो एक ज्याच्या गावाचा होता, तो हर्मान आमच्या ऑफिसात ब्याण्णवच्या सुमारास आला. सांडपाण्याच्या नळांचा इंजिनियर. उंच, लाल मानेचा, एकटा राहणारा. हा माणूस पुस्तकं वाचतो हे पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं आणि मीच त्याला शुक्रवारच्या जेवणाला घरी बोलावलं. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे मी मनातल्या मनात त्याला आगंतुक ठरवला होता.

निर्मला शाळेत भूगोल शिकवायची. हर्मानने पहिल्याच शुक्रवारी ताटात आपलं गाव मांडलं. आमटीची वाटी ही उत्तरेची टेकडी, कोशिंबिरीची ही दक्षिणेची. मधे आडवा चमचा ठेवला, तो ओढा. ओढ्याकाठी सव्वाशे घरं, चारशे माणसं. वरच्या अंगाला जंगल, खालच्या उतारावर आलुबुखाऱ्याची झाडं, दोन लहान वाड्या आणि एक बंद पडलेली पाणचक्की. आमच्याशी तो इंग्रजीतच बोलायचा. मी इथे मराठीत लिहितो आहे.

"चक्की बंद का पडली?" निर्मलाने विचारलं.

"ओढा थकला."

"आणि मग?"

हा "आणि मग?" पुढची आठ वर्षं मी दर शुक्रवारी ऐकला.

मग त्याने सांगितलं की मुख्य रस्त्याच्या एका बाजूचं गाव पूर्वी एका बिशपचं होतं आणि दुसऱ्या बाजूचं एका सरदाराचं. म्हणून आजही गावात दोन विहिरी, दोन जत्रा, आणि कुणाचं लग्न रस्त्यापलीकडे झालं तर म्हातारे म्हणतात, मुलगी परदेशी दिली. सत्तरच्या दशकात सरकारने लहान गावं एकत्र करून मोठी करायचं ठरवलं, तेव्हा हीच भांडखोर माणसं एक झाली आणि त्यांनी आपलं गाव वेगळं राखलं. कारकून मात्र चार गावांत मिळून वापरायचा, एवढी तडजोड केली.

"पंचायतीत माणसं किती?" निर्मला म्हणाली.

"आठ. आणि वर सरपंच. सध्या माझा भाऊ ओट्टो आहे. दिवसा सुतारकाम करतो, संध्याकाळी सरपंच असतो. सभा खानावळीच्या माडीवर भरते. ओट्टोचा नियम आहे, विषयपत्रिका संपल्याशिवाय बियर वर येणार नाही. त्यामुळे आमचा कारभार फार वेगवान आहे."

निर्मला हसून हसून पाणी प्यायली. आमची मुलगी अदिती तेव्हा नऊ वर्षांची. ती म्हणाली, "बाबा, ही इज सो फनी. व्हाय डोन्ट यू टेल सच स्टोरीज?"

मी भात वाढून घेतला.

माझे वडील पोस्टात होते. दर तीन वर्षांनी बदली. मी चार शाळा पाहिल्या. आडनावावरून लोक आमचं गाव ओळखतात, पण त्या गावात मी एकदाच, देवीला नारळ ठेवायला म्हणून गेलो आहे. शारजात सगळे एकमेकांना पहिला प्रश्न हाच विचारतात, गाव कुठलं? मी आडनावातलं गाव सांगतो आणि विषय बदलतो. दुसऱ्यांच्या जमिनींचे नकाशे काढण्यात माझं आयुष्य गेलं आणि बोट ठेवून "हे माझं" म्हणावं असा एक बिंदू माझ्यापाशी नव्हता. हर्मानपाशी तर ताटभर होते.

मला त्याचा मत्सर वाटायचा. माणसाने याला सभ्य नाव शोधू नये. निर्मला आणि त्याच्यात तसं काही होतं का, असा संशय मला कधीच आला नाही. आला असता तर सोपं झालं असतं. ती त्याच्या गावावर लुब्ध होती. शाळेत मुलींना ते गाव सांगायची. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला तिने त्याचा नकाशा काढून स्वयंपाकघरात लावला होता. माझ्या नकाशांतला एकही आमच्या घरात नव्हता. तिने मला "आणि मग?" असं विचारलेलं मला आठवत नाही. विचारावं असं मी काही सांगितलं नव्हतं, हेही खरं आहे. पण मत्सराला ही दुसरी बाजू दिसत नाही.

सगळ्यात तिला आवडायची ती सीमाफेरी. गावाची हद्द एकशे बारा दगडांनी आखलेली आहे. दर काही वर्षांनी सगळं गाव, पोरंबाळं घेऊन, हद्दीवरून चालतं आणि प्रत्येक दगड बघतं. दगडांची जबाबदारी सात माणसांवर असते. ती मरेपर्यंतची नेमणूक. दगड बसवताना हे सात जण त्याच्याखाली एक खूण पुरतात. ती काय आणि कशी, हे फक्त त्या सातांना ठाऊक. बायकोलाही सांगायचं नाही अशी शपथ. कुणी दगड हलवला, तर सात जण माती उकरून खूण बघतात आणि खरी जागा सांगतात. हर्मान त्या सातांपैकी एक होता. सीमाफेरी असेल त्या वर्षी तो रजा घेऊन गावी जाई.

"मला सांगा ना, खाली काय असतं?" निर्मला दर वेळी विचारायची.

हर्मान दर वेळी पापडाचा मोठा तुकडा तोंडात घालून आता बोलता येत नाही अशी खूण करायचा.

फेरीत लहान मुलांना उचलून दगडावर हलकेच आपटतात. बूड दुखलं की जागा लक्षात राहते. हर्मानला त्याच्या आजोबांनी सदतिसाव्या दगडावर आपटलं. तो हसला, म्हणून पुन्हा आपटलं. तरी हसला. तिसऱ्यांदा रडला, तेव्हा आजोबा म्हणाले, आता हा दगड तुझा. जंगलाच्या कडेला, ओढा वळतो तिथे तो दगड आहे. ही गोष्ट निर्मलाने आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगितली. सांगताना ती खुर्चीवरून थोडी उठायची आणि बसायची.

अठ्ठ्याण्णव साली हर्मान एक जाडजूड पाकीट घेऊन आला. गावाचं नाव पहिल्यांदा कागदावर आलं त्याला साडेसातशे वर्षं होत होती. उत्सव होता. पंचायतीला गावाचा हाताने काढलेला नकाशा हवा होता. सगळ्या शेतांची जुनी नावं, दोन्ही विहिरी आणि एकशे बारा दगड. पाकिटात जुन्या नकाशांच्या झेरॉक्स आणि दगडांची यादी होती.

"तिकडे आता सगळं कॉम्प्युटरवर," तो मला म्हणाला. "तुमच्यासारखं अक्षर काढणारा माणूस आमच्या सबंध जिल्ह्यात उरलेला नाही."

ऑफिसातही तेव्हा कॉम्प्युटर आले होते आणि माझी पेनं खणात पडून होती. इतकं चांगलं मला बऱ्याच वर्षांत कुणी बोललं नव्हतं. मी हो म्हटलं. चार महिने सुट्टीच्या दिवशी याच टेबलावर काम केलं. शेतांची नावं मला कळत नव्हती, हर्मानने अर्थ सांगितले: कोल्ह्याची दरी, विधवेचं कुरण, उपाशी माळ. चारशे माणसांच्या गावात प्रत्येक तुकड्याला नाव. मी एकेक नाव बारीक अक्षरात लिहीत होतो आणि प्रत्येक नावागणिक माझं मन लहान होत होतं.

शेवटी दगड राहिले. आमच्या कामात अशा बिंदूंसाठी दोघं लागतात. एकाने यादी वाचायची, दुसऱ्याने बिंदू द्यायचा आणि मोठ्याने "दिला" म्हणायचं. मग पहिल्याने यादीत टिक करायची. म्हणजे काही सुटत नाही. त्या शुक्रवारी सकाळी यादी घेऊन निर्मला समोर बसली.

"चौतीस."

पट्टीत पेन फिरतं तेव्हा चर्र असा बारीक आवाज येतो आणि उचलताना पट्टी टेबलावर टक् करते. चर्र, टक्. "दिला."

"पस्तीस."

"दिला."

"छत्तीस."

"दिला."

"सदतीस," ती म्हणाली, आणि खुर्चीवरून थोडी उठून हसत पुन्हा बसली.

मी पेन हवेतच धरलं आणि म्हणालो, "दिला."

तिने टिक केली. "अडतीस."

तांबेमामांच्या केबलच्या वेळी माझी चूक झाली होती. ही चूक नव्हती. त्याला एकशे अकरा राहू देत, हा एक मी ठेवतो, असं काहीसं त्या क्षणी वाटलं असेल. वास्तविक माणूस नकाशा हातात आला की आधी आपली जागा शोधतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. हर्मानला ते दिसणार, तो विचारणार, मी "अरेच्चा" म्हणणार, असंच होणार होतं. दुपारी तो आला. मी नकाशा ठेवायला नळी आणायला खालच्या स्टेशनरीच्या दुकानात गेलो. वर आलो तर तो आणि निर्मला नकाशावर वाकले होते. त्याने मला पाहिलं आणि माझा हात दोन्ही हातांत धरला.

"इतकं सुंदर आमचं गाव कधीच नव्हतं," तो म्हणाला. दगडाबद्दल अक्षर नाही.

मला वाटलं, त्याला दिसलंच नाही. माझा मत्सर आणखी वाढला: ज्याला स्वतःचा दगड आठवत नाही त्याला गाव मिळतं!

दोन हजार साली हर्मान निवृत्त होऊन गावी गेला. शुक्रवार रिकामे झाले. दोन वर्षांनी निर्मला आजारी पडली. शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलात एका दुपारी ती मला म्हणाली, "अहो, तुमचं काही राहिलंय का करायचं?"

मला वाटलं, ती औषधांबद्दल, अदितीच्या कॉलेजच्या फॉर्मबद्दल विचारते आहे. मी म्हटलं, "काही नाही राहिलं. तू पड."

"बरं," ती म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

ती गेल्यावर वर्षभर मी काही वाचलं नाही. मग कपाट आवरताना तिचा तो कॅलेंडरमागचा नकाशा हाताला लागला. तिने दगड अंदाजानेच मांडले होते, पण ओढ्याच्या वळणावर एक ठिपका लाल पेन्सिलीने ठसठशीत काढला होता आणि शेजारी लिहिलं होतं, ३७. मी त्याच आठवड्यात हर्मानला पत्र लिहिलं. निर्मला गेल्याचं त्याला अदितीने कळवलं होतं. मी फक्त दगडाबद्दल लिहिलं: मी तो मुद्दाम गाळला, मला तुमचा मत्सर वाटत होता, माफ करा.

उत्तराबरोबर नळी आली. नळीत हा नकाशा. पत्र लांब होतं. त्यातला महत्त्वाचा भाग देतो.

"मला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुम्ही नळी आणायला गेलात तेव्हा तुमच्या पत्नीने सांगितलं. त्या म्हणाल्या, 'एक दगड राहिला आहे. छत्तिसाव्यापर्यंत पेनाचा आवाज आला, सदतिसाव्याला आला नाही. पण तुम्ही विचारू नका. ते स्वतःच देतील.' मी विचारलं, कधी? त्या म्हणाल्या, 'इन्शाल्ला.' मला वाटलं एखादा महिना लागेल.

"उत्सवात आम्ही नकाशा खानावळीच्या माडीवर लावला. पहिल्या दहा मिनिटांत लोकांना दगड नाही हे दिसलं. पंचायतीत चर्चा झाली. कुणी म्हणालं आपणच ठिपका द्यावा. मी म्हटलं, नकाशा ज्याचा, बिंदू त्याचाच. ओट्टोने विषयपत्रिकेवर घेतलं: दगड क्रमांक सदतीस, नकाशाकाराकडून पूर्तता, प्रलंबित. छापील प्रती काढायचं थांबवलं. तेव्हापासून प्रत्येक सभेत हा विषय शेवटचा असतो. ओट्टो विचारतो, शारजाहून काही? मी म्हणतो, अजून नाही. मग बियर वर येते. एक सांगतो, गेल्या सीमाफेरीत सदतिसाव्यावर कुणालाच आपटावं लागलं नाही. नकाशात नसलेला दगड म्हणून तो प्रत्येक पोराला आधीच पाठ आहे.

"तुमच्या पत्नींनी मला इथे दोनदा पत्र लिहून विचारलं, दगड आला का? वसंतात पुढची फेरी आहे. मी काठी घेऊन चालणार आहे. नकाशा पाठवून द्या."

हे वाचून मला आधी लाज वाटायला हवी होती. मला आधी मत्सर वाटला. चार वर्षं त्या दोघांपाशी एक गुपित होतं आणि ते माझ्याबद्दलचं होतं. तिने त्याला पत्रं लिहिली आणि मला कळू दिलं नाही. रोज समोर बसून जेवत होती, रोज वाट पाहत होती, आणि विचारलं ते फक्त एकदा, हॉस्पिटलात. मी म्हणालो, काही नाही राहिलं.

म्हणून नऊ दिवस हा कागद इथे पडून आहे. ठिपका द्यायला पाच सेकंद लागतात. पण तो दिला की तिचं ते वाट पाहणं संपेल, आणि माझ्यासाठी तिने केलेली एवढी एकच गोष्ट अजून चालू आहे. काल अदितीचा पुण्याहून फोन आला होता. तिला सगळं सांगितलं.

"आणि मग?" ती म्हणाली. मराठीत म्हणाली.

आज सकाळी पेन उघडलं. नळीत जुनी शाई वाळली होती. कोमट पाण्यात धरून ठेवलं तेव्हा सुटली. नवी शाई भरली. हिरवी पट्टी अजून चांगली आहे. दगडांची यादी मी समोरच्या खुर्चीपुढे ठेवली, ती जिथे बसली होती तिथे. सदतिसाव्यापुढे तिची टिक आहे. नीट पाहिलं तर बाकीच्या सगळ्या टिका शाईच्या आहेत आणि ही एकच पेन्सिलीची.

"सदतीस," मी वाचलं.

ओढा वळतो तिथे, जंगलाच्या कडेला, पट्टी ठेवली. चर्र. टक्.

"दिला," मी म्हणालो, आणि तिच्या पेन्सिलीच्या टिकेवर शाई फिरवली.